माझ्याच हातात बंद पडणारी गाडी

आमच्या यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. यांनी मान हलवली, घरी आले, किल्ली देवळीत टाकली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मोटरसायकल नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. पूर्ण पावसाळा तसाच गेला. वरच्या बाल्कनीतून तिच्यावर पाणी ठिबकायचं आणि हे रोज संध्याकाळी खाली जाऊन तिला फडक्याने पुसून यायचे.

दिवाळी झाल्यावर मी म्हटलं, "मी शिकते."

मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत सगळ्या घरचे कपडे. तयार माल पोचवायला रिक्षाने जायचे. नेऱ्याच्या बाजूला माझी बरीच गिऱ्हाइकं आहेत, तिकडे जाणारी रिक्षा सहज मिळत नाही आणि मिळाली तर परत येताना मिळत नाही. घरात गाडी असताना मी गाठोडं घेऊन नाक्यावर का उभं राहायचं? माझी पन्नाशी उलटून गेली होती. सगळे म्हणाले, स्कूटर घे. मी म्हटलं, स्कूटर विकत आणावी लागेल, ही खाली उभी आहे.

शिकवलं यांनीच. रविवारी सकाळी रोडपालीच्या रिकाम्या रस्त्यांवर. हे कठड्यावर बसायचे आणि तिथून ओरडायचे, "क्लच! अगं, क्लच!" मी दिसायचे तरी की नाही देव जाणे, पण इंजिनाचा आवाज ऐकून यांना सगळं कळायचं. सुरुवातीला मी ती शंभरदा बंद पाडली, ते खरंच आहे. क्लच झटकन सुटला की गाडी उडी मारते आणि गप्प होते. पण हळूहळू हात बसला. लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले, पंजाबी ड्रेस आणि हेल्मेट घालून, पोरासोरांच्या रांगेत उभी राहून.

मग पहिल्याच लांबच्या फेरीला, सुकापूर मागे टाकून नेऱ्याकडे जाताना गाडी बंद पडली. मागे लग्नघरचे ब्लाऊज बांधलेले. रस्ता सरळ, गाडी चौथ्या गिअरमध्ये छान चाललेली, आणि एकाएकी तिला खोकला आल्यासारखं झालं. दोन गचके दिले आणि आवाजच गेला. मी कडेला घेतली. किका मारल्या. काही नाही. टाकी आदल्याच दिवशी भरली होती, त्यामुळे पेट्रोलचा प्रश्न नव्हता.

भाजीची पाटी घेऊन जाणारी एक बाई थांबली. "काय झाला गो? गारी बंद परली?"

"हो ना."

"घरवाला नाय का संगं?"

"घरवाल्याला दिसत नाही नीट. म्हणून तर मी चालवते."

ती हसली. "मंग बस जरा सावलीला. तापली असंल."

मी बसले. थोड्या वेळाने उठून किक मारली तर पहिल्याच किकला चालू. नेऱ्याला पोचले, माल दिला. परत येताना सुकापूरच्या अलीकडे पुन्हा तेच.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "क्लच अर्धवट दाबून ठेवतेस तू. सवय आहे तुझी."

"अहो, चौथ्या गिअरला सरळ रस्त्यावर मी क्लचला हातसुद्धा लावत नाही."

"मग का बंद पडली? माझ्या हातात इतकी वर्षं एकदाही पडली नाही."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

पुढचे काही आठवडे असेच गेले. घराजवळ भाजी आणायला, दोऱ्याची रिळं आणायला गेले तर गाडी शहाण्यासारखी चालायची. लांब गेले की दगा द्यायची. हे जिन्यात भेटेल त्याला माझ्या क्लचचं सांगायचे, आणि बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले की म्हणायचे, "वहिनी, कशाला त्रास घेता? गिअरची गाडी बायकांच्या हातात बसत नाही. माझा भाचा बघतोय सेकंडहँड गाडी." मी म्हणायचे, "बघू दे की. बघायला पैसे पडत नाहीत."

आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर गॅरेज आहे. मेकॅनिक तिशीतला, हसतमुख माणूस. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गाडी चालू केली, गल्लीच्या टोकापर्यंत मारून आणली आणि माझ्यापुढे आणून लावली.

"एकदम ओके आहे, मॅडम."

"जवळ बंद पडत नाही ती. लांब गेल्यावर पडते."

"प्लग बदलतो. कार्बोरेटर पण साफ करून देतो." तो जरा थांबला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "आणि क्लच जरा आरामात सोडत जा. लेडीजचं होतं असं. टेन्शन नका घेऊ."

प्लग बदलला, कार्बोरेटर साफ झाला, आणि त्याच आठवड्यात कळंबोलीच्या पुलावर, चढावर, मागे लोखंडाच्या कांबी भरलेला ट्रेलर असताना गाडी पुन्हा खोकली. ट्रेलरवाल्याने कर्कश हॉर्न दिला. जेमतेम कडेला आले. ट्रेलर इतक्या जवळून गेला की ओढणी त्याच्या वाऱ्याने उडाली. तिथे कठड्याला धरून उभी राहिले तेव्हा मी घाबरले होते. घरी जाऊन किल्ली पुन्हा देवळीत टाकावी असं वाटलं. पण त्याहून जास्त मला राग आला होता. मरायची वेळ माझ्यावर आली होती आणि उद्या त्यालाही माझा क्लचच कारण ठरला असता.

त्या दुपारी मशीनवर बसले, पण पाय चालेना. माझ्याकडे नवीन शिकायला येणाऱ्या मुली असतात. धागा तुटला की त्या म्हणतात, काकू, माझा हातच वाईट आहे. मी कधी तसं म्हणू देत नाही. आधी सुई बघ, मग बॉबिन बघ, मग धाग्याचा ताण. एका वेळी एकच बदल. हात शेवटी. मग गाडीच्या बाबतीत सगळ्यांनी हातापासून सुरुवात का केली होती?

मी विचार करत बसले. घराजवळ बंद पडत नाही. थांबत-थांबत गेलं तर पडत नाही. एकसारखी, वेगात, बराच वेळ चालवली की पडते. थोडं थांबलं की आपोआप बरी होते. आणि अजून एक: टाकी भरलेली असली की लवकर पडते. क्लचमुळे गाडी बंद पडली असती तर ती निघताना पडली असती, सिग्नलला, गर्दीत. माझी तर मोकळ्या रस्त्यावर पडत होती. याचं कारण मला माहीत नव्हतं. पण कारण मी नव्हते, एवढं मला पक्कं कळलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "रविवारी सेक्रेटरींचा भाचा येतोय. देऊन टाकू. पुलावर आज काहीतरी झालं असतं म्हणजे?"

"मला न विचारता बोलावलंत?"

"तुझ्या काळजीने बोलावलं."

"काळजी आहे तर गाडीतला दोष शोधा. माझ्यातला शोधू नका." माझा आवाज चढला होता. "विकायची तर विकू. पण माझ्या हातात बंद पडते म्हणून विकायची नाही. आधी ती दुसऱ्याच्या हातात बंद पाडून दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरली आणि गॅरेजवर गेले. म्हटलं, "भाऊ, हेल्मेट घाला. तुम्ही चालवायची, मी मागे बसणार. नेऱ्याला जायचं."

"मॅडम, गिऱ्हाईक आहे..."

"मी पण गिऱ्हाईकच आहे. येऊन-जाऊन जो वेळ जाईल त्याची मजुरी लावा. पण मधे कुठे थांबायचं नाही आणि रस्ता मिळाला की चौथ्यात ठेवायची."

गॅरेजवर बसलेले दोघे-तिघे हसले. त्यांच्यासमोर नाही म्हणायला त्यालाही जड गेलं असावं. त्याने हात पुसले आणि बसला.

चालवत होता मात्र सुरेख. सुकापूर गेलं. मान तिरकी करून ओरडला, "बघा, मख्खन चाललीये!" रस्ता मोकळा झाला, समोर डोंगर दिसायला लागला. तो पुन्हा म्हणाला, "मॅडम, गाडीत काहीच..."

गाडी खोकली. दोन गचके. आवाज गेला.

चाकांचा नुसता सरसर आवाज करत आम्ही कडेला लागलो. तो हँडल धरून तसाच बसून राहिला. मी खाली उतरले, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "भाऊ, क्लच सुटला का?"

तो लाल झाला. मग हसू लागला, कपाळावर हात मारून. "सॉरी, मॅडम. खरंच सॉरी."

"सॉरी नंतर. आता ती मेलेली आहे तोवर बघा. जिवंत झाली की पुन्हा कळायचं नाही."

त्याने सीटखालची हत्यारं घेऊन आधी प्लग काढला आणि ठिणगी पाहिली. चांगली निळी पडत होती. मग कार्बोरेटरला जाणारी पेट्रोलची नळी ओढून काढली. चार थेंब पडले आणि बंद. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडाच होता. "टाकी फुल ना?" त्याने विचारलं. मी किल्ली दिली. "स्वतः बघा."

त्याने टाकीच्या झाकणाला किल्ली लावून ते उघडलं. सुस्स करून आवाज आला, कुणी दीर्घ श्वास घ्यावा तसा, आणि त्याच क्षणी खाली लोंबणाऱ्या नळीतून पेट्रोलची धार लागली. आमच्या दोघांच्या चपला भिजल्या. त्याने घाईघाईने कॉक बंद केला.

"हवा जात नव्हती आत!" तो म्हणाला.

मला त्याने समजावून सांगावं लागलं नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, हवेसाठी दुसरं पाडावं लागतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती येत नव्हती. भरलेल्या टाकीत मुळात हवा थोडी, म्हणून ती लवकर अडायची. थांबलं की कुठून तरी झिरपत जायची आणि गाडी चालू व्हायची.

त्याने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला, जिथे हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथे राखाडी रंगाचा एक गोळा नीट थापून, बोटाने गुळगुळीत केलेला होता. गळणाऱ्या नळाला लावतात तो मसाला.

"हे कुणी लावलं?" तो म्हणाला. "कंपनीचं नाही हे."

मला ते बोट ओळखीचं होतं. आमच्या न्हाणीघरातल्या नळावर तसाच गोळा आहे.

त्याने पातळ स्क्रू-ड्रायव्हरने मसाला खरवडून काढला, टाचणीने छिद्र मोकळं केलं, तुकडा माझ्या हातावर ठेवला. येताना गाडी मी चालवली आणि तो मागे बसला. गॅरेजपर्यंत कुठेही थांबावं लागलं नाही. उतरल्यावर तिथल्या लोकांना त्याने न विचारता सांगितलं, "मॅडम बरोबर होत्या. माझ्या हातात पडली बंद." ते हसायचे थांबले.

घरी हे रेडिओ ऐकत बसले होते. मी तो तुकडा यांच्या तळव्यावर ठेवला. यांनी तो बोटांनी चाचपून पाहिला आणि लगेच ओळखला.

"पावसाचं पाणी टाकीत जात होतं," हे हळूच म्हणाले. "वरून ठिबकायचं ना. म्हणून बुजवलं. पुन्हा चालवायची कुणाच्या मनात होती तेव्हा?"

"ते छिद्र हवेसाठी असतं."

यांनी तुकडा मुठीत मिटला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे."

मला वाईट वाटलं, पण झालेला अपमान गिळून टाकायचा नाही असं मी ठरवलं होतं. आतापर्यंत माझा दोष सगळ्या जिन्यात गाजला होता. "मला एकटीला सांगून चालणार नाही," मी म्हटलं. "रविवारी तो भाचा येईल, सेक्रेटरी येतील. तेव्हा सांगा."

"लोकांसमोर?"

"क्लचचं लोकांसमोरच बोलत होतात."

रविवारी मामा-भाचे आले. भाच्याने गाडीला वळसा घातला, सीट दाबून पाहिली. हे माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "गाडी विकायची नाही. दोष माझा होता, हिचा नव्हता. मीच टाकीचं छिद्र बुजवून ठेवलं होतं." सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण वहिनींना गिअरची..." यांनी त्यांना पुरं बोलूच दिलं नाही. "तिला येते," एवढंच म्हणाले. तसं कोरडंच म्हणाले, पण म्हणाले.

यांची सवय मात्र गेली नाही. मागे बसले की अजून म्हणतात, "तिसरा टाक... आता चौथा." परवा सुकापूरजवळ मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "उतरा." "का?" "एकतर तुम्ही चालवा नाहीतर गप्प बसा." नेऱ्यापर्यंत चिडीचूप बसले. परतताना पुन्हा सुरू झाले.

काल स्टेशनजवळच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि माझ्या हातून क्लच खरोखरच झटकन सुटला. गाडी उडी मारून बंद पडली. मागे सगळ्यांनी एकदम हॉर्न सुरू केले, बाजूचा एक रिक्षावाला माझ्याकडे बघून हसला. या वेळी चूक माझीच होती. माणसांच्या होतात तशी. मी घाई केली नाही. गाडी न्यूट्रलला आणली, ओढणी नीट खोचली, किक मारली आणि निघाले.