उस्तादांना कुणी सांगितलं

मुन्शी घाटावरून रामनगरला जाणारी होडी मी त्या दिवशी एका माणसाला जाब विचारायला धरली होती. उजव्या नडगीला अजून पट्टा होता. चढताना नावाड्यानं हात पुढे केला, तर मला त्याचाही राग आला.

जाब विचारायचा होता माझ्या बडीला. सैन्याच्या विशेष दलात जायचं तर आधी काही महिने तुमची परीक्षा घेतात. तिथे प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो, तो बडी. तुम्ही पडलात तर त्यानं उचलायचं, तो पडला तर तुम्ही. योगायोगानं आम्ही दोघंही बनारसचे. मी दूधविनायकच्या जुन्या मराठी वस्तीतला, तो नदीपलीकडच्या सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा.

तिथे पहिल्याच आठवड्यात अंग आपलं राहिलं नाही. पाठीवर वाळू भरलेला पिट्ठू, हातात रायफल आणि भर उन्हात धावणं. जेवायला बसलं की दोन घासांत शिट्टी. ते सोसत होतं. सोसलं नाही ते एक वाक्य. एका सकाळी उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, अगदी सहज म्हणाले की तुमच्यातलाच एक जण आम्हाला सगळं सांगतो. एवढं बोलून ते पुढे गेले.

त्यानंतर आम्ही एकमेकांकडे नीट पाहिलंच नाही, नुसते निरखत राहिलो. याला आज शिवी का नाही बसली? तो दवाखान्याकडून का आला? माझी बाटली हलकी लागली की मी बडीच्या ओठांकडे बघायचो, ओले आहेत का म्हणून.

पुढे माझी नडगी दुखू लागली. आधी धावताना, मग नुसतं उभं राहतानाही. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यांनी घरी पाठवलं असतं, म्हणून बूट आवळून बांधायचो आणि लंगडणं दिसू नये म्हणून रांगेच्या शेवटी राहायचो. सांगितलं फक्त आईला, रविवारी फोन मिळाला तेव्हा. मराठीतच बोलत होतो. आमच्या तुकडीत मराठी दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे आवाजही खाली केला नाही. बडी शेजारी बूट घासत बसला होता. फोन ठेवला तर हसून म्हणाला, "'दुखतं' मतलब दुखता है, ना?"

दोन दिवसांनी मार्चला निघताना उस्तादांनी एवढ्या रांगेतून नेमकं मला बाहेर काढलं आणि बूट काढायला सांगितला. उजवा. डावा की उजवा, हे विचारलंसुद्धा नाही. तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली आणि मला घरी पाठवलं. निघताना बडी माझी बॅग घेऊन गाडीपर्यंत आला. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि गाडीत बसलो.

रामनगरला पोचलो तेव्हा तो बापाच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. निवड झाली होती, सुट्टीवर आला होता. मी उभ्या उभ्याच सगळं बोललो. तो चिडला नाही. म्हणाला, तू गेल्यावर उस्तादांनी मला विचारलं, बडीचा पाय मोडत होता आणि तू गप्प का बसलास? शिक्षा म्हणून आठवडाभर दोन पिट्ठू दिले. त्यानं बनियन सरकवून खांद्यावरचे काळे वळ दाखवले. मी ते पाहिले आणि मनात म्हटलं, असे वळ सगळ्यांनाच पडतात.

घरी जेवताना मी हे सगळं बोलून दाखवलं. तोच असणार, किंवा मग बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा तो. आई उठून आत गेली. बाबा संस्कृत पाठशाळेत शिकवतात, जेवताना बोलत नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्या मुलाला दोष देऊ नकोस," ते म्हणाले. "फोन मी केला होता."

घरच्यांसाठी आलेल्या कागदावर तिथला एक नंबर होता. आईनं त्यांना पायाचं सांगितलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठशाळेतून फोन लावून तिथल्या अधिकाऱ्याला, आपल्या त्या पुस्तकी हिंदीत, कोणता पाय तेही सांगितलं.

"आधी मला विचारायला हवं होतं, बाबा."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मग मला फोन करता आला नसता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा रामनगरला गेलो. माफी मागणं मला नीट जमलं नाही. बडीनं ऐकून घेतलं, पाय पुढे करायला लावला, पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाला की पुढच्या वेळी आधी वाळूत चालायची सवय कर. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी तो मला पलीकडच्या वाळूत चालवत होता.

पुढच्या वर्षी मी परत गेलो आणि टिकलो. टाचा फुटल्या होत्या, एक नख गेलं होतं. रविवारी आईनं विचारलं की सांगायचो, मजेत आहे. मागून बाबांचा आवाज यायचा, "पुन्हा एकदा विचार." ती विचारायची. मी तेच सांगायचो. आता सुट्टीवर घरी आलो की बाबा दारातून आत येताना आधी माझ्या पायांकडे बघतात. आईला मी पूर्वी सगळं सांगायचो. आता काही सांगत नाही, आणि तिनंही विचारणं कमी केलं आहे.