मागचे दाते नवे, पुढचे जुने

आमच्या घरी जावयाला शिकवत नाहीत. जावई काहीही बोलला तरी सगळे मान डोलावतात आणि चहा ठेवतात. मीही याच घरात वाढले, त्यामुळे पुढं जे झालं त्यात थोडा दोष माझाही आहे. थोडाच.

अकोटजवळ आमचा भाजीपाला. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घेऊन धारणीच्या बाजाराला मी जायची, फोर-व्हील पिकअपला, म्हणजे लिव्हर टाकली की चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला, मागं ट्रॉली जोडून. बाई गाडी चालवते म्हणून गावानं काय काय तोंडसुख घेतलं ते सांगत बसत नाही. पण त्या घरात माझी म्हणावी अशी जागा एकच होती, ती स्टेअरिंगमागची.

ट्रॉली जोडली की घाटात गाडीचा जीव जायचा. उपाय एकच, एक्सलमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारे दातेरी गिअर, बदलायचे. दात्यांचं प्रमाण बदललं की पळणं कमी होतं, ओढणं वाढतं. पण फोर-व्हीलला पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सल बदलावे लागतात. अकोटच्या एका म्हाताऱ्या फिटरनं मला बजावून सांगितलं होतं, "पुढचं एक मापाचं न मागचं दुसऱ्या मापाचं असलं, तं मधातला डबा फुटते. दोन चालीचे बैल जुंपल्यावानी." डबा म्हणजे दोन्ही एक्सलना जोर वाटून देणारा मधला गिअरबॉक्स.

काम अर्थात भाऊजींकडे. मोठ्या बहिणीचे यजमान, अकोल्यात घराला लागूनच त्यांचं गॅरेज. त्यांनी मागचे दाते बदलले आणि हात पुसले.

"भाऊजी, पुढचं?"

"पुढचं काहून? तुमी कुठं रोज फोर-व्हील टाकता? अन् टाकलं तरी काई होत नाई."

मी फिटरचं सांगणार, तेवढ्यात सोबत आलेले बाबा म्हणाले, "आता जवाईबापूले तू शिकवशीन का?"

चहा आला. मी कप उचलला.

पुढच्या बाजाराला बाबा सोबत होते. घाटात गाडी खरंच मस्त ओढत होती, खोटं कशाला बोलू. मग रस्त्याचं काम लागलं, बाजूनं काढलेल्या कच्च्या रस्त्यावर चिखल, आणि ट्रॉली रुतली.

"फोर-व्हील टाक," बाबा म्हणाले.

"नको. ट्रॉली सोडू, आधी गाडी काढू."

"टाक म्हटलं ना. जवाईबापूनं सांगतलं न, काई होत नाई."

टाकलं. चिखलातून निघालो, डांबरावर चढलो. फोर-व्हीलची लिव्हर काढायला गेले तर ती हलेना. थोडं पुढं गेलो आणि खालून असा आवाज झाला की बाबांनी माझा दंड धरला. मी ब्रेकवर उभीच राहिले. ट्रॉली तिरपी होऊन कठड्याला टेकली, टमाटे घाटात घरंगळत गेले.

गाडी ओढून अकोल्याला आणली. भाऊजी खाली शिरले ते बराच वेळ निघालेच नाहीत. निघाले तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "डबा फुटला. लिव्हर चुकीची वढली असन." पडलं तरी नाक वर, दुसरं काय.

मी बाबांकडे पाहिलं. हुकूम यांचाच होता, माझ्या शेजारी बसून दिलेला.

"हो," बाबा म्हणाले. "पोरगी घाबरली."

मी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते. ताईनं मला आत ओढलं. "चूप राय. तू बोलशीन अन् निघून जाशीन. मले इथंच रायचं हाये."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

गाडी दुरुस्त होऊन घरी आली. मी वाकून खाली पाहिलं. पुढच्या एक्सलच्या सांध्यालाही तेल गळू नये म्हणून लावतात ते सिलिकॉन नवं लावलेलं, नट उघडल्याच्या ताज्या खुणा. भाऊजींनी पुढचेही दाते गुपचूप बदलले होते. उठून उभी राहिले तोवर बाबांनी किल्ली नव्यानं ठेवलेल्या पगारी ड्रायव्हरच्या हातात दिली होती.

आता धारणीला तो जातो. म्हणतो, घाटात गाडी एक नंबर चालते. बाबा जेवताना सगळ्यांना सांगतात, जवाईबापूच्या हातात जादू आहे, आणि मी त्यांच्या ताटात भाकर वाढते.