आक्का आणि टर्मिनलमामा

टर्मिनलमामा शाखेशी बोलू लागले की आमच्या सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत बाकीचे बोलणं थांबवायचे. "पावणं, हिरवी अक्षरं आली का? न्हाय? मग थांबा की जरा!" फोनवर पलीकडे घाटावरची गगनबावडा शाखा असायची.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. संगणक विभाग माझ्याकडे होता आणि जुनी यंत्रणा कंत्राटावरच्या मामांकडे. शाखेतल्या टर्मिनलला पडदा आणि कीबोर्ड एवढंच. हिशेब सगळा कोल्हापुरातल्या मोठ्या मशीनमध्ये. ते मशीन सारखं आपलं नाव पुकारायचं आणि ते ऐकून टर्मिनल त्याला जोडले जायचे. मामांनी त्याचं नाव 'आक्का' ठेवलं होतं. "आज आक्का का बोलंना?" शाखेतून फोन यायचा.

ही जुनी पद्धत एका इमारतीपुरती. शाखांना कोल्हापूरशी जोडणारी पेटी म्हणजे राऊटर; तो ते पुकारणं आपणहून पुढे पाठवत नसे. "त्याला सांगावं लागतंय, मॅडम. आक्का हितं वरडतीया, तू घाटावर पोचव," असं म्हणत मामा राऊटरमध्ये एकेक ओळ टाकायचे. आक्का पोचायची.

काही वर्षांनी गगनबावड्याचा राऊटर विजेने जळाला. नवा आला, आणि त्याबरोबर वरून निरोपही: टर्मिनल चालले तर मामांचं कंत्राट वाढेल, नाहीतर संपेल.

मामांनी नव्या राऊटरला प्रश्नचिन्ह टाकून त्याच्या आज्ञांची यादी मागितली. जुन्या पद्धतीचं नावच त्यात नव्हतं. पुन्हा मागितली. "ह्याला आक्का ठावंच न्हाय की हो!"

मी केबल तपासून घेतल्या, जुना राऊटर कुठे मिळतो का ते विचारलं, कंपनीला फोन केला. ती सोय आता काढून टाकली आहे, असं उत्तर आलं. मामांनी राऊटरला येईल ते सगळंच न बघता पुढे ढकलायला सांगून पाहिलं. घाटावरची लाईन तुंबली आणि उरलंसुरलंही बंद पडलं.

मामांनी शाखेला फोन लावला. "पावणं, न्हाय हुईत. लोकास्नी उद्या उगा उभं करू नका."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, वर तुम्हीच कळवा."

मी कळवलं. मामांचं कंत्राट संपलं. गगनबावड्याला नवे संगणक निघाले, तेव्हा जुने टर्मिनल काढायला दुसरं कुणी जाईल, असं मी मामांना म्हटलं.

"जोडल्यात मी. काढायला परका मानूस कशाला?"

मी बँकेची जीप मंजूर केली. माझ्या हातात तेवढंच होतं.