अण्णांचं भाषण आणि कोरी डिस्क

आता हा घोळ कुठल्या तोंडानं सांगू? पण चहा टाकलाच आहे, तर ऐका. हसू येईल तिथं हसा. मला अजून जमलेलं नाही.

आमचे थोरले बंधू, अण्णा, गेल्या वर्षी गेले. राधानगरीच्या पुढं डोंगराकडेला त्यांचं घर. माणूस इतका अबोल, की म्हशीलासुद्धा हाक न मारता नुसता खाकरायचा. माइकसमोर ते जन्मात एकदाच उभे राहिले, कोल्हापुरात, माझ्या निवृत्तीच्या समारंभात. आणि बोलले कुणाबद्दल? तर वहिनींबद्दल! वहिनी मात्र तिथं नव्हत्या. नेमकी त्याच दिवशी म्हैस व्यायला झाली होती. गावच्या मंडळींनी परत जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी अण्णांना विचारलं, "काय बोलला म्हणं माझ्याबद्दल?"

अण्णा खाकरले.

वर्षश्राद्धाच्या आधी वहिनींचा फोन आला. "भावजी, त्या भाषणाचं शूटिंग तुमच्याकडं हाय न्हवं? घिऊन या. मोबाइलवर नगं, माणूस बोटाएवढा दिसतोय. टीव्हीखाली डिस्कचं यंत्र हाय की."

दुकानात नेऊन डिस्क करून घेता आली असती. पण ती सोय कॉम्प्युटरमध्येच असते, असं मी वाचलं होतं. आणि वाचलेली गोष्ट अंगाशी येईपर्यंत मी सोडत नाही.

कोरी डिस्क आत सरकवली. समारंभाचे सगळे व्हिडिओ उचलून तिच्यावर टाकले. नावं दिसली! जरा फिकट होती, पण दिसली. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला आणखी काय हवं? यादीत नाव आलं, विषय संपला.

नुसतं उचलून टाकलं की फायली रांगेत उभ्या राहतात, डिस्कवर लिहायला वेगळं बटण दाबावं लागतं, हे ज्ञान मला पुढं झालं.

"अहो, एकदा लावून तरी बघा की!" बायको म्हणाली.

"बघायचंय काय त्यात? मी तिथंच होतो, अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत!"

कागद दप्तरी गेला की टेबल मोकळं करायचं, ही आमची शिस्त. त्या शिस्तीनं कॉम्प्युटरमधल्या मूळ फायली पुसल्या; दुसरी प्रत कुठंच नव्हती. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. डिस्क बाहेर काढताना कॉम्प्युटरनं विचारलं, काही फायली लिहायच्या राहिल्यात, त्या तात्पुरत्या फायली काढून टाकू का? मी जाडजाड ग्रंथ वाचणारा माणूस. दोन ओळींची सूचना कोण वाचत बसतो? दिलं बटण दाबून.

श्राद्धाची जेवणं उरकली. वहिनी टीव्हीसमोर बसल्या. पदर सारखा केला, जणू अण्णा खरंच दारातून येणार होते. मी डिस्क घातली.

पडदा निळा. काढून पुसून पुन्हा घातली. निळाच.

"आवाज वाढवा की वो!" मागनं एक पावणं ओरडलं.

वाढवला. काय ऐकू येणार होतं?

वहिनी त्या निळ्याकडं बघत म्हणाल्या, "टीव्हीवर आलं तरी बोलंनात बघा."

कुणीतरी फिसकन हसलं.

"जाऊ दे, भावजी. तुमी शेजारीच व्हता की. तुमीच सांगा, काय म्हणालं ते?"

मी सावरून बसलो. "वहिनी, अण्णा म्हणाले, माझ्या सहधर्मचारिणीच्या निःस्वार्थ त्यागामुळेच..."

"थांबा. ह्ये तुमचं झालं. त्येंचं सांगा."

सगळं घर माझ्याकडं बघत होतं आणि मला एक शब्द आठवेना. आठवणार कुठून? अण्णा बोलत होते तेव्हा मी मान खाली घालून, सत्काराला उत्तर म्हणून करायचं माझं भाषण मनात घोकत होतो.

ते मात्र आजही अक्षरन् अक्षर पाठ आहे. म्हणून दाखवू?