अबोल्याचे निरोप

टेलरबाईंच्या घरात भांडण नव्हतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. नवरा इलेक्ट्रिशियन. त्याच्याशी कशावरून बिनसलं ते आता दोघांनाही धड आठवत नसेल, पण अबोला मात्र दोघांनी इमानेइतबारे पाळला. एकाच खोलीत मशीनवर ही, खुर्चीत तो, आणि मधे नववीतली लेक. लहानपणी ती अखंड बडबडायची, म्हणून घरात तिला रेडिओ म्हणत.

"तुझ्या आईला सांग, चहा पाणचट झालाय."

"आई, बाबा म्हणतात चहा बरा झालाय."

बाईंना काय कान नव्हते? तरी लेकीच्या तोंडचा निरोपच त्या खरा धरत, कारण तो गोड असे. पोरीनं पदरचं घालून दोन्हीकडची धार बोथट करायची आणि या दोघा शहाण्यांनी ते निमूट ऐकून घ्यायचं, असं बिनबोभाट चाललं होतं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. नखं रक्त येईपर्यंत कुरतडलेली. कपडे अंगात ढगळ होत, बाई ते बाजूंनी आत घेत आणि मापात बसले की हातावेगळं काम झालं म्हणत. वर्गशिक्षिकेनं बोलावून विचारलं, "घरी काही ताण आहे का? वर्गात ती तोंडच उघडत नाही."

"आमच्याकडे कुणाचा आवाजसुद्धा चढत नाही हो," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "आईला सांग, मी वेगळं राहायचं बघतोय."

लेकीनं आईकडे पाहिलं. याला गोड करायला तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. बाईंनी मशीन थांबवलं नाही. "म्हणावं, खुशाल."

"आता माझ्याच्यानं नाही होत," एवढंच बोलून पोर आत गेली आणि तिनं कडी लावली.

दोघांनीही ते ऐकलं. दोघांनाही वाटलं, दुसरा उठेल. हातातली शिवण संपली तरी आतून चाहूल नाही, तेव्हा बाई उठल्या. त्या दारावर थापा मारू लागल्या. नवरा हत्यारांची पिशवी घेऊन धावत आला आणि हातभर अंतरावर थांबला. बाई वळल्या. तोंड उघडलं, पण त्याला काय म्हणून हाक मारायची, तेच सुचेना.

त्या पुन्हा दाराकडे वळल्या. "अगं," त्या बंद दाराला म्हणाल्या, "बाबांना सांग ना गं, कडी तोडा म्हणावं."

मागे नवरा स्क्रूड्रायव्हर धरून निरोपाची वाट बघत उभा होता.