सगळ्याच कपांना लाल ठिपका

तिला आम्ही हूकवाली म्हणतो. बायकांच्या कपड्यांच्या कारखान्यात ती हूक आणि टिचबटणं लावते. दिवसभर मान खाली, ओठांत टाचण्या, आणि जीभ टाचणीहून धारदार. तिची कीव यावी म्हणून मी हे लिहीत नाहीये. कीव करायचीच असेल तर तिच्या जावेची करा.

नवरा एचआयव्हीनं गेला आणि जाताना दुखणं हिच्या पदरात टाकून गेला. हिची औषधं वेळेत सुरू झाली. ठणठणीत आहे, कामाला जाते, भांडते. घर एक, स्वयंपाकघर एक, आणि त्यात थोरली जाऊ. या जाऊबाईंनी एक दिवस नेलपॉलिशची बाटली काढली आणि हिच्या कपाच्या, पेल्याच्या, ताटाच्या बुडाला लाल ठिपका दिला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," म्हणाल्या. "सगळ्यांच्या काळजीपोटी करतेय."

हूकवाली नुसतं "बरं" म्हणाली. ही बाई "बरं" म्हणाली की घाबरायचं असतं, पण जाऊबाईंना एवढी अक्कल कुठली.

ठिपका तिनं गिळला असता. पण एका संध्याकाळी तिनं मुलीकडे पाणी मागितलं, आणि ती एवढीशी पोर टाचा वर करून, पाण्याचा जग डोक्याएवढा उंच धरून वरून धार सोडायला लागली. अर्धं पाणी जमिनीवर. जगाची चोच आईच्या पेल्याला लागू नये म्हणून.

"असं का ओततेस?"

"काकूनं सांगितलंय. तुझ्या पेल्याला लागलं की चिकटतं."

दुसऱ्या दिवशी ती एचआयव्हीवाल्यांना मदत करणाऱ्या आमच्या मंडळाच्या खोलीत आली ती चप्पल न काढताच. "मला धीरबीर देऊ नकोस," म्हणाली. "हा मेला आत कसा शिरतो ते सांग. चिकटतो म्हणजे नेमका कशाला चिकटतो?"

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे येतं ते डॉक्टरांचं डोकं खाऊन शिकलेय. तिच्या पिशवीतले हूक आणि टिचबटणं टेबलावर ओतली आणि सांगितलं, की या व्हायरसच्या अंगावर हूक असतात. रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशींवर, म्हणजे आपल्याच पहारेकऱ्यांवर, त्या हुकाजोगी एक कडी असते. तिचं नाव सीडी-फोर. हूक तिथे अडकतो. पण नुसतं अडकून दार उघडत नाही. अडकल्यावर तो हूक वळतो, आणि त्याच्या पोटात लपलेला दाणा बाहेर येतो. तो दाणा पेशीवरच्या दुसऱ्या खळग्यात बसावा लागतो, बहुतेक वेळा सीसीआर-फाइव्ह नावाच्या. टिच आवाज झाला असं समज. मग त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतला माल आत जातो. दोन्ही जागा जुळल्या तरच. काही औषधं तो दुसरा खळगाच झाकतात. तुझी गोळी आत शिरलेल्याला पिल्लं घालू देत नाही.

तिनं एक टिचबटण उचललं, दाबलं, उघडलं, पुन्हा दाबलं.

"आणि कपावर यातलं काय असतं?"

"कपावर? कान असतो. धरायला."

ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. जाताना नेलपॉलिश कुठल्या दुकानात मिळतं ते विचारून गेली.

रविवारी दीर-जाऊ लग्नाला गेले होते. हिनं घरातला प्रत्येक कप, प्रत्येक पेला, प्रत्येक ताट पालथं घातलं आणि बुडाला लाल ठिपका दिला. तीच छटा. दिराचा मोठा मगसुद्धा सोडला नाही.

संध्याकाळी जाऊबाईंनी चहा पिऊन कप पालथा घातला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. दुसरा कप पाहिला. तिसरा. मग फडताळच रिकामं केलं.

"हे कधीपासून आहे?"

"मला काय माहीत, जाऊबाई? खूण तुम्ही ठेवता."

हिचा कप कोणता आणि आपण कितीदा त्यातून प्यायलो, या विचारानं त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. हिला छान लागली. सकाळी दीर-जाऊ तपासणी केंद्राच्या बाकावर, आणि सोबत म्हणून ही मधोमध. समुपदेशक बाईंनी विचारलं, शंका कशामुळे आली. दीर पुटपुटले.

"जरा मोठ्यानं, भाऊजी," ही म्हणाली. "बाईंना ऐकू येत नाहीये."

"कपातून," दीर म्हणाले.

बाकावरचे सगळे आजारी लोक हसले. बरीच वर्षं न हसलेले. बाईंनी मग शांतपणे तेच सांगितलं: व्हायरसला रक्तातल्या त्या पेशी लागतात, कपावर त्या नसतात, आणि उष्ट्यातून, स्पर्शातून हा होत नाही. रिपोर्ट दुपारी मिळाले. दोघंही निगेटिव्ह. मग हिनं सांगून टाकलं, ठिपके रविवारचे आहेत.

घरी येताच जाऊबाई कापूस आणि रिमूव्हर घेऊन बसल्या. हिनं रिमूव्हरची बाटली उचलून मोरीत ओतली.

"एकही पुसायचा नाही. आता या घरात याच खुणेचे कप राहतील."

तिनं चहा केला. स्वतःच्या कपातला अर्धा प्यायली. मुलगी काकूकडे बघत होती, आईकडे बघत होती. मग तिनं आईच्या हातातला कप ओढून घेतला आणि घोट घेतला. ज्या बाजूनं आई प्यायली होती त्याच बाजूनं. हूकवालीनं कप परत घेतला आणि जावेपुढे धरला.

"घ्या."

"मला नको गं, आत्ताच..."

"घ्या, जाऊबाई. पोर बघतेय."

जाऊबाई डोळे मिटून प्यायल्या. साखर कमी आहे म्हणाल्या.

"असू दे," हूकवाली म्हणाली. "सवय होईल."

मुलगी आता पाणी जवळून ओतते. जाऊबाईंना माफबीफ काही केलेलं नाही, मी विचारलं होतं. नेलपॉलिशची बाटली तिनं कारखान्याच्या पिशवीत ठेवलीय, टिचबटणांशेजारी. ठिपके घासून फिके झाले की पुन्हा भरते. जावेसमोर बसून.