फुकटचा कान

बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. आयुष्यभर लाल गाडीवर कंडक्टर होतो, त्यातून आलेलं हे शहाणपण. बाहेर तीच बाभळ, तेच माळरान. पण हा असा बघतो, जणू काश्मीरला निघालाय. निवृत्त झालो तरी ही नजर काही गेली नाही. कान मात्र गेले. इंजिनाच्या घरघरीत ते कधी गेले, माझं मलाच कळलं नाही.

पुढच्याच्या ओठांवरून मी निम्मं समजून घ्यायचो आणि उरलेलं आपल्या मनानं भरायचो. गेल्या हिवाळ्यात मुलगा, सून आणि बायको माझ्याकडं पाठ करून बोलायला लागले. सून तर तोंडावर पदर घ्यायची. काय चाललंय म्हणून विचारलं की मुलगा दाराबाहेर बघायचा, फार मन लावून. माझी खात्री झाली, की तलावाकाठचं रान विकायचा घाट चाललाय.

त्याच दिवसांत बीडला म्हाताऱ्यांसाठी शिबिर लागलं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना जीपमध्ये कोंबून नेलं. काठी, चष्मा, कमोडची खुर्ची, कानाचं मशीन, सगळं फुकट. फुकट म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. सही करायच्या आधी कागद उलटसुलट वाचला, रान तर लिहून घेत नाहीत ना म्हणून. मशीन हातात देताना इतके फोटो काढले, की ते मला मिळालं का फोटोतल्या पुढाऱ्याला, हेच कळेना.

मशीन म्हणजे खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. घरी आल्या आल्या मी सांगून टाकलं, "बिघाड हाय ह्याच्यात. नुसतं शिट्ट्या मारतंय." दुसऱ्या दिवसापासून डबी बंडीच्या खिशात, वायर मफलरखाली आणि मी ओट्यावर डोळे मिटून. गाडी तपासायला चढणारा माणूस आधी वर्दी देऊन थोडाच चढतो!

पहिल्यांदा कोंबड्या ऐकू आल्या. मग बायको. कपबशी माझ्यापुढं सरकवत ती हळू आवाजात म्हणाली, "घ्या, गार व्हईल." मला ऐकू येत नाही हे पक्कं ठाऊक असून. किती वर्षं अशी बोलत आली असेल, कोण जाणे. तरी मी डोळे उघडले नाहीत. सोंग घेतलं ते घेतलं. नंतर बघितलं तर चहा बशीत कमी आणि फरशीवर जास्त. मी कुरकुरलो. हल्ली तिचं कामात लक्षच नसायचं.

मग एके सकाळी मुलगा माझ्या कानाशी ओरडला, "आबा, उद्या आईला नारायणगडाला दर्शनाला नेतो. दोन दिस लागतेल."

मला शिकवतो! सकाळी नारायणगडाला गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी असतो. "दोन दिस कावून?" मी विचारलं. तो दाराबाहेर बघायला लागला.

दुपारी तिघं स्वयंपाकघरात बसले. मी भिंतीच्या अलीकडं पडून होतो. सुनेचा आवाज खरखरत आला, "मामाला खरं सांगितलं तर ते न्हाईच म्हनतेल. मागच्या साली दवाखान्याच्या आशाताईनं डोळ्याच्या आपरेशनसाठी आत्याबाईचं नाव लिवलं, तर तिला अंगणातून हाकललं."

"बाजाराला गेलतो तवा डाक्टरला दाखवलं की," मुलगा म्हणाला. "मोतीबिंदू लई पिकलाय. आता उशीर केला तर डोळा कायमचा जाईल म्हनले. आन् आपरेशन फुकट हाय."

मग बायको बोलली. "लबाडी करून म्या जायची न्हाई. त्यांचा हो आला तरच. न्हाई तर ऱ्हाऊ द्या, माझं ऱ्हाईलंयच किती."

रान नव्हतं का काही नव्हतं. फरशीवरचा चहा मला आत्ता समजला. भीती वाटली मला, चांगलीच भीती वाटली.

आशाताईला हाकललं होतं, हे खरं. पण उगीच नाही. पारावरचा माझा जोडीदार असाच फुकटात ऑपरेशन करून आला होता आणि सगळ्यांना सांगत होता, डोळा गेला म्हणून. मी माझ्या कानानं ऐकलं होतं. तेव्हापासून तो काळा चष्मा लावायचा, तेही मी बघत होतो. म्हणून त्याच दुपारी मफलर घट्ट बांधला आणि पारावर जाऊन त्याला सरळ विचारलं, "आपरेशनात तुजा डोळा गेला म्हनला व्हतास ना?"

"डोळा?" तो उडालाच. "डोळ्यापुढला पडदा गेला म्हनलो व्हतो बे! डोळा कावून जाईल? त्यो बघ, तलावाच्या भिताडावर बगळा बसलाय. तुला तरी दिसतो का?"

मला दिसत नव्हता. 'गेला' एवढंच मी त्या वेळी ऐकलं होतं. काय गेला, ते आपल्या मनानं भरलं होतं. ज्याच्या तोंडच्या शब्दासाठी बायको डोळा घालवायला तयार होती, तो माणूस असा.

संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, "उद्या नारायणगडाला मीबी येनार." मुलाला जोराचा ठसका लागला. बायकोनं ताटावरून हात उचलला आणि तशीच बसून राहिली.

सकाळी आम्ही बीडची गाडी धरली; नारायणगडाची वाटही तिकडूनच. कंडक्टर तरणा होता. त्यानं माझं आधार कार्ड बघितलं, मग माझं तोंड, मग परत कार्ड. मला बरं वाटलं. तपासावं तर असं. "कुठं जायचं?" त्यानं विचारलं. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला.

"दवाखान्याचा थांबा," मी म्हणालो. "मला फुकट, हिला अर्धं, आन् ह्याचं पुरं फाड."

मुलाची मान गर्रकन वळली. बायकोचा हात सीटवर चाचपडत आला, माझं मनगट सापडलं तसा तिथंच थांबला. मुलगा माझ्या कानाशी ओरडला, "आबा, तुमाला कुनी सांगितलं?"

"काय?" मी म्हणालो. "ऐकू येत न्हाई."

ऑपरेशन झालं. तरी पट्टी निघेपर्यंत माझा कुणावर भरवसा नव्हता. भिंग कसलं बसवलं, थेंब कसले घालता, कुठला डोळा कापला, सगळं नर्सला विचारून घेतलं. ती बिचारी वैतागून गेली.

पट्टी निघाली. बायकोनं डोळा किलकिला करून आधी खिडकी बघितली, मग मुलाला बघितलं. मग मला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, माझं म्हातारपण बघून हसणार. ती पुढं वाकली आणि माझ्या मफलरची कड दोन बोटांनी उचलली.

"ही वायर कसली हाय?"

मी मफलर सावरला.

"म्हंजी सम्दं ऐकू येत व्हतं? कवापासून?"

दवाखान्याच्या खिडकीबाहेर एक रिक्षा उभी होती. मी त्या रिक्षाकडं फार मन लावून बघायला लागलो.